निकालातलं तिचं नाव

वडिलांची बँकेतली शेवटची बदली कोलकात्याला झाली तेव्हा मी सातवीत होते. ते निवृत्त होऊन आईबरोबर पुण्याला परतले तोवर माझं कायद्याचं शिक्षण संपलं होतं. मी मागे राहिले, ती एका फर्मसाठी. हायकोर्टापलीकडच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तीन अंधाऱ्या खोल्या होत्या. जातीवरून, धर्मावरून, आजारावरून, गरोदरपणावरून ज्यांना कामावर छळलं किंवा कामावरून काढलं, अशाच लोकांचे खटले तिथे चालायचे. बरोबरीचे सगळे कंपन्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या मोठ्या फर्ममध्ये गेले. मला हेच काम करायचं होतं आणि त्यात मोठं व्हायचं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

फर्म चालवणारे सर साठीच्या पुढचे होते. समोरच्याचं ऐकताना ते डोळे मिटून घेत आणि नवख्याला वाटे, यांना झोप लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, बांगला वाचता येते का. बोलता येत होती, वाचताना अडखळायचे. ते म्हणाले, मग आधी वाचायला शीक, इथे येणारी माणसं आपलं गाऱ्हाणं बांगलात लिहून आणतात. आमच्या म्हाताऱ्या कारकुनाने, ज्यांना सगळे मुहुरीबाबू म्हणत, मला जुन्या फायली वाचायला दिल्या. मी ती लिपी बडतर्फीच्या पत्रांवरून आणि त्यांना लिहिलेल्या उत्तरांवरून शिकले.

पहिली चार वर्षं मी फायली उचलल्या, तारखा घेतल्या, सरकारी कचेऱ्यांच्या बाकांवर बसले. आई दर रविवारी फोनवर विचारायची, अजून किती दिवस? मी सांगायचे, एक चांगली केस मिळू दे.

ती केस दुर्गापूजेची सुट्टी संपून कोर्ट उघडलं त्या आठवड्यात आली. चाळिशीच्या जवळ आलेली बाई, नीट पिना लावलेली सुती साडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावलेले कागद. ती खिदिरपूरला राहायची आणि तिथल्याच एका एजन्सीत काम करायची. गोदीत उतरलेला माल कस्टममधून सोडवायचा तर खूप फॉर्म भरावे लागतात. ते भरणं हे तिचं काम. चौदा वर्षं ती ते करत होती. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं. मी तिला दीदी म्हणायचे आणि ती मला वकीलदीदी.

बोलताना तिचा उजवा हात टेबलावर होता, डावा मांडीवर. बऱ्याच वेळाने तिने तोही वर ठेवला. शेवटची दोन बोटं आत वळलेली होती. एकोणिसाव्या वर्षी तिला कुष्ठरोग झाला होता. सरकारी दवाखान्यातून वर्षभर गोळ्या घेतल्या आणि ती पूर्ण बरी झाली. लग्नाआधी तिने नवऱ्याला हे सांगितलं होतं. तो वारला, त्यानंतर हे माहीत असलेलं जगात कुणी उरलं नव्हतं. मुलगी सातवीत होती, तिलाही माहीत नव्हतं. लहानपणी दारात बोटं चिरडली, असं तिला सांगितलेलं होतं.

त्या वर्षी एजन्सीने नव्या डॉक्टरकडून सगळ्यांची तपासणी करून घेतली. फॉर्मवर एक रकाना होता, पूर्वी झालेले आजार. तिने त्यात खरं ते लिहिलं.

मी विचारलं, का लिहिलंत?

ती म्हणाली, "चौदा वर्षं फॉर्म भरतेय, वकीलदीदी. कधी खोटं लिहिलं नाही. हात वळलाच नाही."

आठ दिवसांत तिची खुर्ची खिडकीजवळून जुन्या कागदांच्या खोलीत गेली. पाण्याचा पेला वेगळा झाला. मग पत्र आलं. कामावर लागताना आजार लपवून तिने विश्वासघात केला, म्हणून तिला कमी करण्यात येत आहे.

तिच्या दोन मागण्या होत्या. तिची खुर्ची तिला परत हवी होती, आणि हे कुणाला कळायला नको होतं. माझी त्या दिवसाची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात पहिली मागणी लिहिलेली आहे. दुसरी नाही.

कोर्टाआधी कामगार खात्यात समेटाची बैठक होते. तिसऱ्या बैठकीला एजन्सीचा माणूस म्हणाला, बाईंना परत घेतो, पण इथे नाही. शहराबाहेर बजबजला आमचं एक गोदाम आहे, तिथल्या ऑफिसात. पगार तोच. आजाराचा उल्लेख कोणत्याही कागदावर येणार नाही, त्यांनी फक्त तक्रार मागे घ्यावी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी अधिकाऱ्यांकडे आठवड्याची मुदत मागितली.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तिला काय हवं आहे? मी म्हणाले, सर, हा अपमान आहे, तिला नजरेआड ठेवायचा प्रकार आहे.

"मी तुझं मत विचारलेलं नाही," ते म्हणाले. "तिला विचारून ये."

दुसऱ्या दिवशी मी खिदिरपूरला गेले. गोदीत जहाज शिरत होतं म्हणून पूल उचललेला होता आणि रस्ता अडला होता. ती पुलाच्या अलीकडेच येऊन थांबली होती. चहाच्या टपरीवर आम्ही बसलो आणि मी तासभर बोलले. तुम्ही आज बजबजला गेलात तर तुमच्यात काही दोष आहे हे तुम्हीच मान्य केलंत, असं मी सांगितलं. उद्या दुसऱ्या बाईलाही हे लोक असंच लपवतील. कायदा तुमच्या बाजूने आहे. मी चांगलं बोलत होते. माझं मला ऐकू येत होतं.

तिने एकच प्रश्न विचारला. कोर्टात गेलो तर सगळं कागदावर लिहावं लागेल ना?

"कोर्टाचे कागद कोण वाचतं, दीदी," मी म्हणाले.

ती पुलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुम्ही सांगाल तसं. मी ऑफिसात परतून सरांना सांगितलं की तिने नकार दिला आहे. सरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

दावा दाखल करायच्या दिवशी मुहुरीबाबूंनी मला विचारलं होतं, बाईंचं पूर्ण नाव घालायचं का? मी घाईत होते. मी म्हणाले, हो, म्हणजे काय, नावाशिवाय दावा होतो का? त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं होतं, हे मला फार पुढे कळलं.

कामगार न्यायालयात चार वर्षं गेली. न्यायाधीश बदलले, फाइल एकदा सापडेनाशी झाली, दोन पावसाळे नुसत्या तारखांत गेले. तिने दरम्यान एका शाळेच्या कचेरीत काम धरलं, तिथली बाई रजेवरून परतली तसं ते सुटलं. तारखेला मात्र ती नेहमी माझ्या आधी येऊन बसलेली असायची.

उलटतपासणीचा दिवस मला विसरता येत नाही. एजन्सीच्या वकिलांनी तिला डावा हात वर करून कोर्टाला दाखवायला सांगितलं. मी हरकत घ्यायला उठेपर्यंत तिने तो केला होता. मग त्यांनी विचारलं, या बोटांना स्पर्श कळतो का? तिने सांगितलं, या दोघांना नाही. ऑफिसात इतरांच्या कपातून चहा प्यायलात का कधी? तिने सांगितलं, सगळे कप सारखेच होते, साहेब. जबानी संपल्यावर तिने सही केली. जबानी लिहून घेणाऱ्या माणसाने ते पेन रुमालाने पुसलं आणि मग खिशाला लावलं. मी ते पाहिलं. तिनेही पाहिलं.

तिथे आम्ही हरलो. न्यायाधीशांनी लिहिलं की आजार लपवणं हा विश्वासघातच आहे. मी बाहेर व्हरांड्यात रडले आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, डावा. तिने विचारलं, आता पुढे काय? खरं तर त्याच दिवशी मी तिला विचारायला हवं होतं, दीदी, थांबायचं का? मी म्हणाले, हायकोर्ट.

हायकोर्टासाठी लिहिलेला अर्ज हे माझं तोवरचं सगळ्यात चांगलं काम होतं. तिच्या आजाराची हकिगत मी एका पानात मांडली. कोणत्या वर्षी, कोणत्या हातावर, पहिला चट्टा किती मोठा, स्पर्श कधी गेला, गोळ्या कधी संपल्या. वाचणाऱ्याला ती समोर दिसली पाहिजे, असं मला वाटत होतं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, तूच उभी राहा. ते माझ्या मागच्या रांगेत बसले.

आम्ही जिंकलो. बरा झालेला आजार हे नोकरीवरून काढायचं कारण होऊ शकत नाही आणि तो सांगायची सक्तीही करता येत नाही, असं निकालात स्वच्छ लिहिलं गेलं. पुन्हा कामावर घ्यायचं कसं, हे ठरवायला प्रकरण खाली परत पाठवलं. त्या संध्याकाळी ऑफिसात मिठाई आली. ज्यांनी कधी ओळख दाखवली नव्हती ते वकील जिन्यात थांबून हात मिळवून गेले. तीसुद्धा हसत होती. संदेशचा तुकडा हातात धरून तिने मला विचारलं, मग कधीपासून जायचं कामावर?

ते झालंच नाही. खालच्या कोर्टात पुन्हा तारीख लागेपर्यंत एजन्सी बंद झाली होती. मालक तेच, माल तोच. ऑफिस दुसऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या नावाने, दुसऱ्याच्या मालकीचं असल्याचे कागद तयार. हायकोर्टाचा हुकूम हातात घेऊन आम्ही गेलो ते एका कुलूप लावलेल्या दारापाशी. तो हुकूम नव्या कंपनीला लागू आहे, असं सिद्ध करायला मी अजून दोन वर्षं घालवली. जमलं नाही. शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी सहानुभूती व्यक्त केली.

त्याच दोन वर्षांत माझं सगळं छान होत गेलं. तो निकाल कायद्याच्या मासिकांत आला, इंटरनेटवर आला. वकिलांत खटला पहिल्या पक्षाच्या नावाने ओळखला जातो, तसा हा तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मला परिसंवादांना बोलावणी येऊ लागली. तिचं नाव घेऊन मी माइकवर बोलायचे आणि समोरची मुलं ते वहीत लिहून घ्यायची. सरांनी मला भागीदार केलं. आईवडील पाटी बघायला पुण्याहून आले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आईने ओळखीच्या प्रत्येकीला सांगितलं की माझ्या मुलीने कायदा बदलला.

मंडळाच्या त्या गणपतीनंतर महिन्याभराने ती ऑफिसात आली. वेळ न ठरवता ती पहिल्यांदाच आली होती. मी बसा म्हटलं, ती बसली नाही.

तिची मुलगी आता कॉलेजात होती. वर्गातल्या कुणीतरी सहज आपापल्या आईवडिलांची नावं फोनवर शोधून बघायची टूम काढली. हिच्या आईचं नाव टाकल्यावर पहिलाच उघडला तो निकाल. चौथ्या परिच्छेदात सगळं होतं. वर्ष, हात, चट्टा. न्यायाधीशांनी ती हकिगत माझ्या अर्जातून जशीच्या तशी उचलली होती. मुलीने वर्गात बसून ती वाचली आणि शेजारी बसलेल्यांनीही वाचली. घरी येऊन तिने आईला एकच विचारलं की दारात बोटं चिरडली होती ना. नंतर ती आसनसोलला मावशीकडे निघून गेली. गल्लीत बातमी पसरायला दोन दिवस पुरले. नळावर ती आली की बायका बादल्या मागे घ्यायला लागल्या. घरमालकाने भावाला खोली हवी असल्याचं सांगितलं.

हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता, कोर्टाचे कागद कोण वाचतं."

तिचं नाव झाकून ठेवावं, अशी विनंती करणारा अर्ज दोन पानांचा असतो. तो पहिल्या दिवशी करता आला असता. मुहुरीबाबूंनी विचारलं त्याच दिवशी. ती गेल्यावर मी तो लिहिला. पंधरवड्यात कोर्टाने तो मान्य केला, सुनावणी दोन मिनिटं चालली. कोर्टाच्या प्रतीत तिच्या नावाच्या जागी आता दोन अक्षरं आहेत. पण कायद्याच्या मासिकांचे छापलेले अंक कपाटांत आहेत. संकेतस्थळांना मी पत्रं लिहिली, काहींनी नाव काढलं, काहींनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या राज्यांतल्या कोर्टांनी आपल्या निकालांत आमचा निकाल उद्धृत केला, तोही तिच्या नावासकट. एका ठिकाणी पुसावं तर ते तीन ठिकाणी नव्याने छापलेलं असतं. मी अजूनही महिन्यातून एकदा ते नाव टाकून बघते.

गेल्या वर्षी एका लांबच्या शहरातल्या तरुण वकिलाचा फोन आला. आमच्या निकालाच्या आधारावर त्याच्या अशिलाला नोकरी परत मिळाली होती. आभार मानताना त्याने तिचं पूर्ण नाव घेतलं, देवाचं घ्यावं तसं. मी त्याचं अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. मी बराच वेळ वाट पाहिली, नाही वाटलं.

सर आता ऑफिसात येत नाहीत. त्यांना भेटायला गेले तेव्हा मी विचारलं, सर, मी तिचं म्हणणं नीट विचारलेलं नाही, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? ते डोळे मिटून बसले. मला वाटलं ऐकू गेलं नसेल.

"कळलं होतं," ते म्हणाले. "पण ती केस मलाही हवी होती."

आईवडील पुण्याला परतल्यापासून मी बागबाजारात ज्या बाईंकडे भाड्याने राहत होते, त्यांच्याकडे मी तिच्यासाठी खोली मिळवली. खिदिरपूरपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तिला कुणी ओळखत नाही. जवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसून ती लोकांचे फॉर्म भरून देते, पासपोर्टचे, शाळा-कॉलेजच्या प्रवेशांचे. दुकानात तिने माहेरचं नाव सांगितलं आहे. मुलगी फोन उचलत नाही, मावशी उचलते. मुलगी बरी आहे, असं सांगते.

मी अधूनमधून जाते. ती चहा करते आणि मला कोर्टातल्या बातम्या विचारते. मी कधी माफी मागायला लागले तर ती विषय बदलते, त्यामुळे माफी अजून मागून झालेली नाही. मागच्या वेळी मात्र मी ठरवून गेले होते. मी विचारलं, दीदी, त्या वेळी मी मध्ये नसते तर तुम्ही काय केलं असतं?

तिला विचार करावा लागला नाही. "बजबजला गेले असते," ती म्हणाली.

एवढ्या लांब, रोज?

"गाडी जाते ना. गेले असते."

मग मी तिला विचारलं, हे सगळं मी लिहून काढू का? कोणत्या भाषेत, असं तिने विचारलं. मराठीत, मी म्हणाले. तिने जरा विचार केला. लिहा, पण कुणाचंही नाव नको, माझं नाही, तुमचंही नाही, असं ती म्हणाली. म्हणून यात नावं नाहीत.

आता आमच्याकडे नवीन मुली येतात, चुणचुणीत, इंग्रजी-बांगला दोन्ही फाडफाड बोलणाऱ्या. मी त्यांना शिकवते की पहिला अर्ज नाव झाकायचा. त्या लिहून घेतात. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं की एवढ्या मोठ्या निकालानंतर माणसाला कसं वाटतं. मी म्हणाले, काम वाढतं.

परवा एका हॉटेलातला आचारी आला होता. त्याची जात कळल्यावर मुख्य आचाऱ्याने त्याला स्वयंपाकावरून काढून भांड्यांवर लावलं आणि सगळ्यांसमोर शिव्या दिल्या. पुरावा चांगला होता, साक्षीदार होते. हॉटेलवाले म्हणत होते, त्याला परत स्वयंपाकावर घेतो, पण मुख्य आचारी तोच राहील आणि माफी मागणार नाही. आचाऱ्याने मला विचारलं, मॅडम, तुम्ही सांगा, काय करू?

आमच्या नव्या मुलीने माझ्याकडे आशेने पाहिलं. लढण्यासारखी केस होती. पूर्वी मला अशा वेळी पुढची दहा वाक्यं सुचलेली असायची. त्या दिवशी एकही सुचलं नाही. मी त्याला म्हणाले, तुम्हीच ठरवा, घरी विचारा, घाई नाही. तो म्हणाला, घरी काय विचारायचं, कायदा तुम्हाला कळतो, म्हणून तर आलो. माझ्याकडून काही येत नाही हे पाहून त्याने समेटाचा कागद पुढे ओढला आणि सही केली. आता तो रोज त्याच माणसाच्या हाताखाली काम करतो. त्याला मी वाचवलं की वाऱ्यावर सोडलं, ते मला सांगता येत नाही, आणि विचारायला जायचा धीरही होत नाही.